वाचकांचे प्रश्न : श्राउड आवळत गेलो, आता केबिनचं दार लागेना

प्रश्न : सर, मागच्या वर्षी एक जुनी शिडाची बोट घेतली, सात मीटरची, डोलकाठी डेकवरच उभी आहे. शीड भरलं की वाऱ्याआडच्या बाजूची श्राउड (काठीला बाजूने धरणारी तार) सैल पडते, म्हणून दर वेळी टर्नबकल (तार ताणायचा आट्यांचा जोड) थोडा थोडा आवळतो, पण पुढच्या खेपेला परत तेच. आता तर बोट बांधून ठेवलेली असतानाही केबिनचं दार घासायला लागलंय. अजून आवळू का?

उत्तर : नका हो, आधी तो स्पॅनर खाली ठेवा! डेकवर उभी काठी असली की सगळ्या तारांचा ताण मिळून काठीला खाली दाबतो, छप्पर दबतं, दोन्हीकडच्या चेनप्लेट (तारांची खालची टोकं बोटीला जोडणाऱ्या पट्ट्या) वर ओढल्या जातात, मग दाराची चौकट तिरकी होणार नाही तर काय. आणि ज्या सैलपणासाठी हा खटाटोप चाललाय तो थोडा असायलाच हवा, कारण चालत्या बोटीत भार वाऱ्याकडच्या श्राउडवर जातो आणि आडची बाजू मोकळी होते. हाताने ढकलल्यावर जरा ढिली लागली तर ठीक, झोके खात लोंबकळायला लागली तर मात्र ताण कमी आहे.

पण तुमच्या पत्रात मला जास्त खटकलं ते 'परत तेच'. एकदा नीट ताणलेली तार आपोआप दर आठवड्याला लांब होत नाही, म्हणजे दुसरं काहीतरी सरकतंय किंवा दबतंय. काठीखालचा आधाराचा खांब बघा, डेकच्या आत लाकूड असेल तर ते भिजून मऊ झालंय का बघा (ठोकून बघितलं की आवाज बद्द येतो), आणि चेनप्लेट जिथे आत बोल्टने बसवलीय तिथे पाण्याचे डाग आहेत का. ताण कमी करूनही दार घासत राहिलं तर उत्तर बहुतेक इथेच सापडेल, टर्नबकलमध्ये नाही.

हे सगळं धड निघालं तर पहिल्यापासून सेटिंग करा, वारा नसलेल्या दिवशी, बोट सपाट तरंगत असताना. सगळ्या श्राउडचे टर्नबकल हाताने फिरतील इतके सैल करा, पण पुढची-मागची तार काठीला धरून ठेवेल एवढी ताणलेली राहू दे. मेन हॅलयार्डचं (मोठं शीड वर चढवायच्या दोरीचं) टोक एका बाजूच्या चेनप्लेटला जेमतेम टेकवून दोरी पक्की करा, मग तेच टोक दुसऱ्या बाजूला न्या, तिथेही तसंच टेकलं तर काठीचं टोक मध्यावर आहे. हॅलयार्डला वजन लटकवलं की काठी मागे किती कललीय तेही कळतं, जास्त मागे असेल तर चालताना बोट सारखी वाऱ्याकडे तोंड वळवत राहते. त्यानंतर टोकापासून येणाऱ्या वरच्या श्राउड, डावीकडे एक फेरा की उजवीकडे एक फेरा, मोजून. फिरवताना तारेचा शेवटचा तुकडा दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर टर्नबकलऐवजी तारच पिळली जाते. स्टीलचे आटे कोरडे आणि भाराखाली फिरवले तर जाम होऊन बसतात, थोडं लॅनोलिन (लोकरीचं मेण) लावा. मग काठीच्या मध्यापाशी लागणाऱ्या खालच्या श्राउड, त्या जरा कमी ताणाच्या.

ताण मोजायचं मीटर मिळतं पण नसलं तरी अडत नाही. २ मीटरची सरळ पट्टी घ्या, वरचं टोक तारेला बांधा, आणि तार नुसती सरळ झालेली असताना पट्टीच्या खालच्या टोकाशी खूण करा. नेहमीची १ बाय १९ ची (१९ धाग्यांची) स्टील तार असेल तर १ मिलिमीटर लांबली म्हणजे तुटण्याच्या भाराच्या ५ टक्के ताण आला. ३ मिलिमीटरला, म्हणजे १५ टक्क्यांना, थांबा.

शेवटची बारीक सेटिंग चालत्या बोटीत. १०-१२ नॉटचा वारा, बोट १५-२० अंश कललेली, आणि काठीतल्या शीड बसायच्या खाचेला डोळा लावून खालून वर बघायचं. टोक वाऱ्याआड झुकलं असेल तर वरची श्राउड कमी ताणलीय, मधला भाग झुकला असेल तर खालची. फिरवायचं ते नेहमी सैल बाजूचं, अर्धा फेरा, मग टॅक करून (वारा दुसऱ्या बाजूने घेऊन) दुसरीकडे तेवढंच, परत बघा. स्प्रेडर (श्राउड काठीपासून लांब धरणाऱ्या आडव्या दांड्या) मागे वळलेले असतील तर आडची श्राउड थोडी जास्तच सैल दिसते, त्याने घाबरू नका.

प्रश्न : तार बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं?

उत्तर : टिश्यू पेपर तारेवरून ओढा, तुटलेला धागा असेल तिथे अडकतो. उघडा हात अजिबात फिरवू नका, मी एकदा फिरवलाय आणि तळहात आठवडाभर बांधून ठेवावा लागला. एक जरी धागा तुटला असेल तरी ती तार गेली, बाकी १८ शाबूत आहेत हा हिशोब इथे चालत नाही. खालच्या टोकाचं दाबून बसवलेलं टर्मिनल भिंगातून बघा, पाणी तारेवरून ओघळून त्यातच उतरतं, म्हणून बारीक उभी चीर किंवा तांबूस ओघळ बऱ्याचदा तिथे आधी दिसतो. सगळं चकाचक दिसलं तरी १०-१५ वर्षं झाली की बदलून टाकलेली बरी. काठी लहान असेल तर उतरवून जमिनीवरच तपासा, वर चढायचा उत्साह नको.

प्रश्न : टर्नबकलला टेप गुंडाळावी का?

उत्तर : पूर्ण नको. स्टेनलेसला हवा लागते, टेपखाली पाणी कोंडलं की आतून खात जातं. फक्त स्प्लिट पिनच्या (टर्नबकल आपोआप फिरू नये म्हणून घालायच्या दोन पायांच्या पिनेच्या) टोकांवर एक वेढा द्या, शीड फाटू नये म्हणून. आणि पिन नक्की घाला, पाय थोडेसेच फाकवा, पार मागे दुमडून ठेवलेत तर पुढच्या वेळी काढता काढता नाकी नऊ येतात.