कुलरचा बीओएम किती मजली करायचा?

प्रश्न: भाऊ, हिंगणा एमआयडीसीत आमचं लोखंडी डेझर्ट कुलरचं छोटं युनिट आहे. ईआरपीनेक्स्ट सॉफ्टवेअर बसवणाऱ्यानं पाच लेव्हलचा बीओएम (म्हणजे एका वस्तूला काय काय माल लागतो त्याची यादी, यादीच्या आत यादी) करून दिला, बॉडी, पॅड, पंप सेट, फॅन सेट, सगळ्याला वेगळा कोड न् वेगळा बीओएम. आता 50 कुलरची ऑर्डर टाकली की आठ वर्क ऑर्डर (अमुक वस्तू इतके नग बनवा असा हुकूम) निघून राहिल्या, पोरं एन्ट्रीच करत नाहीत, स्टॉक मायनसमध्ये. सगळं एकाच लेव्हलला आणून टाकू का?
– एक वाचक, हिंगणा

उत्तर: नका आणू, ऐन सीझनमध्ये पस्तावाल. बसवणाऱ्यानं ड्रॉइंग पाहून बीओएम बनवलेला दिसतो, ड्रॉइंगवर जेवढे भाग तेवढ्या लेव्हल. अरे पण पाहायचं असते ते फ्लोअरवर! माल कुठं थांबतो ते बघा, म्हणजे कुठं रॅकवर जाऊन पडतो, बाहेर जॉबवर्कला जातो किंवा सुटा विकला जातो. तिथं लेव्हल, बाकी कुठंच नाही.

फॅन सेट घ्या. मोटर, पंखा, क्लॅम्प, नट-बोल्ट. हा तुम्ही हिवाळ्यातच बनवून ठेवत असाल, 18 इंची साध्या कुलरलाही तोच लागतो न् टॉवरलाही तोच, शिवाय मे महिन्यात रिपेरिंगवाले सुटा मागायला येतात ते वेगळंच. याला कोड पाहिजे आणि बीओएमही पाहिजे. रॅकवर 20 तयार असले तर 50 च्या ऑर्डरला सॉफ्टवेअर 30 च कमी दाखवेल. सगळं सपाट केलं तर ते 20 त्याला दिसणारच नाहीत आणि तुम्ही पुन्हा 50 मोटरी मागवून बसाल.

पंप, पाइप, वरचा पाण्याचा ट्रे हे मात्र पोरगं लाइनवर उभ्या उभ्या जोडतं, वुडवूलही तिथंच जाळीत भरतात. त्याला कशाला पाहिजे वर्क ऑर्डर? ग्रुप म्हणून हवाच असेल तर फँटम ठेवा, म्हणजे नावाला असेंब्ली, स्टॉक कधीच नाही. ओडू नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये यालाच किट म्हणतात. तुमच्याकडं वर्क ऑर्डरमध्ये 'यूज मल्टी-लेव्हल बीओएम' टिक ठेवलं की खालचं सगळं सुटं होऊन कच्चा माल थेट येतो. मग फॅन सेटही फुटेल, म्हणून कुलरच्या बीओएममध्ये त्या ओळीवर 'डू नॉट एक्सप्लोड' टिक करा, तो अख्खा मागितला जाईल. त्याची वर्क ऑर्डर वेगळी, स्टॉकसाठी काढायची.

बॉडीचं जरा नीट ऐका. पावडर कोटिंग बाहेरून करून घेत असाल तर कच्ची बॉडी आणि कोटेड बॉडी हे दोन आयटम पाहिजेतच, कारण माल चलनावर दुसऱ्याच्या शेडमध्ये जातो आणि जीएसटीत तो वर्षाच्या आत परत यायला लागतो, नाही आला तर पाठवला त्या दिवशीच विकला असं धरतात. दुसरा फायदा असा की 3 साइज न् 4 कलर असले तर कोटेड बॉडी 12 होतात पण कच्ची बॉडी 3 च राहते, कलर शेवटी ठरवता येतो.

आणि स्टॉक मायनस जातो त्यात युनिटचाही घोळ असू शकतो, तेही तपासा. शीट किलोवर घेता आणि बीओएममध्ये नगावर लावता का? 8 बाय 4 फुटाची अर्धा एमएम शीट साधारण 11.7 किलो भरते, हा कन्व्हर्जन आयटममध्ये टाका. कापून उरलेल्या पट्टीतून पंपाचा ब्रॅकेट काढत असाल (सगळेच काढतात) तर त्याला पुन्हा नवी शीट लावू नका.

प्रश्न: बुटीबोरीला आम्ही कंट्रोल पॅनल बनवतो. कस्टमर मधेच कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) बदलायला लावतो, आणि सबमिट झालेला बीओएम एडिट होत नाही. काय करायचं?
– एक वाचिका, बुटीबोरी

उत्तर: ताई, होत नाही तेच बरं आहे, नाहीतर जुन्या पॅनलमध्ये काय बसवलं होतं ते सर्व्हिसवाल्याला कधीच कळलं नसतं. नवं व्हर्जन काढून डिफॉल्ट करा, आणि जुना बीओएम वरच्या ज्या-ज्या बीओएममध्ये बसलाय तिथं हातानं बदलत बसू नका, 'बीओएम अपडेट टूल' सगळीकडं एकदम बदलून देतं. चालू वर्क ऑर्डर मात्र आधी एकेक करून बघा, त्या जुन्याच यादीवर निघालेल्या असतात. आणि एकाच कस्टमरच्या एकाच पॅनलपुरता बदल असेल तर नवं व्हर्जनही नको, त्या वर्क ऑर्डरच्या मटेरियल एन्ट्रीत कॉन्टॅक्टर बदला न् मोकळ्या व्हा.