तीन आठवडे घर बंद, बाहेर उणे वीस: नळांचं काय करायचं?

तुम्ही विचारलंय: पुण्याहून शिकागोजवळ येऊन दोन वर्षं झाली, या उन्हाळ्यात स्वतःचं घर घेतलं, डिसेंबरात तीन आठवडे भारतात जाणार आहोत. थंडीत पाइप फुटतात असं जो तो सांगतो, तर नेमकं काय करून जावं? आणि घरात कोणी नसताना हीटिंग बंद ठेवलं तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हीटिंग अजिबात बंद करू नका. थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १३ सेल्सिअसच्या खाली न्यायचा नाही. आम्ही ६० वर ठेवून जातो. थर्मोस्टॅटला तो ज्या भिंतीवर आहे तिथलं तापमान कळतं. सिंकखालच्या कपाटात, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या पाइपापाशी किती गारठा आहे, हे त्याला कळत नाही. गॅसच्या बिलात तीन आठवड्यांत जे वाचेल, ते प्लंबरच्या एका फेरीत जाईल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, पण त्यातलं एकच करणार असाल तर हे करा: निघायच्या दिवशी पाण्याचा मेन कॉक बंद करा.

कारण सांगतो. आपण पुण्यात वाढलो तिथे टाकी गच्चीवर, पाइप भिंतीच्या बाहेरून, उघड्यावर. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं तर पेपरात फोटो येतो, इतकं ते अप्रूप. त्यामुळे पाणी पाइपात गोठेल ही भीती आपल्या अंगात मुरलेलीच नसते. इथल्या माणसाला ती लहानपणापासून असते. आपल्याला ती शिकावी लागते.

पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं, हे शाळेत शिकलोय. पण बहुतेक वेळा पाइप बर्फाच्या जागी फुटत नाही. बर्फाचा बोळा पाइपात वाढत जातो, आणि तो बोळा व बंद नळ यांच्यामध्ये जे पाणी अडकलेलं असतं, त्याच्यावर दाब चढत जातो. पाणी दबत नाही, मग पाइप हार खातो. म्हणून कडाक्याच्या थंडीत नळ बारीक धारेने चालू ठेवायला सांगतात. वाहतं पाणी गोठत नाही एवढंच त्यामागचं कारण नाही, दाबाला बाहेर पडायला वाट मिळते हे जास्त महत्त्वाचं. इलिनॉय विद्यापीठाच्या बिल्डिंग रिसर्च कौन्सिलने यावर प्रयोग केले होते. गरम न केलेल्या माळ्यावरच्या उघड्या पाइपांना बाहेरचं तापमान २० फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे ७ च्या आसपास गेलं की धोका सुरू होतो, असं त्यातून निघालं. शिकागोत तेवढी थंडी दर हिवाळ्यात कितीतरी रात्री पडते.

आता मुद्द्याची गोष्ट. पाइप थंडीत फुटतो, पण घर बुडतं ते थंडी उतरल्यावर. गोठलेलं असेपर्यंत बर्फच बूच असतो. तो वितळला की पाणी सुटतं, आणि तेव्हा तुम्ही मामेबहिणीच्या लग्नात असता. साध्या अर्ध्या इंची पाइपातून मिनिटाला १५ लिटर धरा. दिवसाला २१,६०० लिटर होतात. सोसायटीत येतात ते दहा हजार लिटरचे दोन टँकर, आणि तेही तुमच्या दिवाणखान्यात, रोज. गच्चीवरची टाकी निदान रिकामी होऊन थांबते. इथे पाणी थेट गावाच्या लाइनवरून, दाबाने येतं आणि ते आपणहून थांबणार नाही. मेन कॉक बंद असेल तर पाइप फुटला तरी त्यात उरलेलं पाणी सांडेल, गालिचा भिजेल, पण घर वाचेल.

तेव्हा या शनिवारी घरातल्या सगळ्यांना घेऊन मेन कॉक शोधा. इथल्या बहुतेक घरांत तो बेसमेंटमध्ये, रस्त्याच्या बाजूच्या भिंतीशी, पाण्याच्या मीटरजवळ असतो. त्याला सरळ चावी असेल तर पाइपाला आडवी केली की बंद. पाव फेरा पुरतो. गोल चाक असेल तर उजवीकडे बरेच फेरे द्यावे लागतात. आणि ते जुनं चाक वर्षानुवर्षं कोणी फिरवलेलं नसलं तर धड बंद होत नाही, किंवा दांड्याशी ठिबकायला लागतं. हे निघायच्या सकाळी कळून उपयोग नाही. आत्ता बंद करून पाहा आणि वरच्या मजल्यावरचा नळ सोडून बघा, धार पूर्ण थांबते का. थांबत नसेल तर प्लंबर बोलावून कॉक बदलून घ्या. घरावर या वर्षी एकच खर्च करणार असाल तर हा करा. मुलांनाही दाखवून ठेवा. आमचा मुलगा आठवीत असल्यापासून तो डोळे मिटून बंद करतो.

आता बाहेरचा नळ, कारण मी स्वतः तिथेच फसलो होतो.

इथल्या बाहेरच्या नळाला 'फ्रॉस्ट-फ्री' म्हणतात. त्याची मूठ बाहेर असते, पण पाणी अडवणारा व्हॉल्व वीतभर किंवा त्याहून जास्त आत, घराच्या उबेत असतो. नळ बंद केला की मधल्या नळीतलं पाणी बाहेर गळून जातं, मागे गोठायला काही उरत नाही. कल्पना फार चांगली आहे. पण तोंडाला होज, म्हणजे बागेला पाणी घालायची नळी, लावलेला असला तर पाणी गळूनच जात नाही. आमच्या पहिल्या हिवाळ्यात मी होज नीट गुंडाळून ठेवला, पण नळापासून सोडवला नाही. अख्खा हिवाळा काही झालं नाही, कारण चीर गेली होती व्हॉल्वच्या पुढच्या भागाला, आणि नळ बंद असेपर्यंत तिथवर पाणी येतच नव्हतं.

मे महिन्यात आई सहा महिन्यांसाठी आली. मी मागच्या अंगणात मेथी पेरून पाणी सोडलं. पाचेक मिनिटांत आई बेसमेंटमधून वर आली. "अरे, खालच्या भिंतीतून झुळझुळ आवाज येतोय." मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं. तिने अर्धं आयुष्य 'पाणी आलं का' याकडे कान लावून काढलेलं, वाहत्या पाण्याचा आवाज तिला सगळ्यांच्या आधी ऐकू येतो. खाली जाऊन पाहिलं तर भिंतीचा रंग फुग्यासारखा सुटून आला होता आणि भारतातून आणलेल्या पुस्तकांचे दोन खोके तळातून भिजले होते. प्लंबरने जुना नळ काढून माझ्या हातात दिला. तांब्याची नळी, एका जागी पोट फुगलेलं, आणि त्या फुगवट्यावर भाताच्या शिताएवढी चीर. एवढ्याशा चिरेपायी भिंतीचा एक भाग पाडावा लागला. तो तुकडा मी अजून हत्यारांच्या पेटीत ठेवलाय.

तेव्हापासून आमच्याकडे होज दसऱ्याला निघतो. पाना, स्क्रूड्रायव्हर धुऊनपुसून पूजेला ठेवायचे असतातच, त्या आधी तोच पाना घेऊन बाहेर जायचं. दसरा इथे साधारण पहिल्या गारठ्याच्या आगेमागे येतो, म्हणून लक्षातही राहतं. होज सोडवा, उताराला धरून रिकामा करा, गॅरेजमध्ये ठेवा. मग बेसमेंटमध्ये त्या नळाकडे जाणाऱ्या पाइपावर वेगळा कॉक असला तर तो बंद करा, बाहेर येऊन नळ उघडा, साचलेलं पाणी जाऊ द्या. आतल्या कॉकच्या अंगाला बऱ्याचदा छोटी पितळी टोपी असते. ती सैल केली की मधलं चमचाभर पाणीही निघून जातं. खाली वाटी धरा. बागेत जमिनीखालून स्प्रिंकलर असेल तर तो मात्र माणूस बोलावून हवेने साफ करून घ्या. कॉम्प्रेसरचा दाब जास्त झाला तर पाइप आणि जोड फुटतात, तो प्रयोग घरी नको.

घरातली धोक्याची ठिकाणं थोडी असतात, पण प्रत्येक घराची वेगळी. गॅरेजवरची बाथरूम, उत्तरेच्या भिंतीवरचं किचन सिंक, बेसमेंटमध्ये पाया आणि लाकूड यांच्या सांध्याजवळून जाणारे पाइप. एखाद्या थंड दिवशी तिथे हात लावून फिरा. जिथे वाऱ्याची बारीक झुळूक लागेल ती फट आधी बुजवा. पाइपावर फोमची नळी चढवून उपयोग होतो, पण फोम उष्णता निर्माण करत नाही, फक्त धरून ठेवतो. फटीतून वारा येत असेल तर फोम घातलेला पाइपही उशिरा का होईना गोठतोच.

हे मला ३० जानेवारी २०१९ ला कळलं. त्या दिवशी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर उणे २३ फॅरनहाइट, म्हणजे उणे ३१ सेल्सिअस होतं. टपालखात्यानेही वाटप थांबवलं होतं. पहाटे चहाला पाणी घ्यायला गेलो तर किचनच्या गरम नळाला दोराएवढी धार, थंड नळ कोरडा. बायकोने सिंकखालचं कपाट रिकामं केलं, दोन्ही दारं सताड उघडी ठेवली. मी नळ उघडाच ठेवला आणि हेअर ड्रायर घेऊन नळाच्या बाजूने सुरुवात करून हळूहळू भिंतीकडे सरकत गेलो. हा क्रम उलटा करू नका. आधी लांबचा भाग वितळवला तर ते पाणी मधे कोंडतं. वीसेक मिनिटं काहीच नाही, मग नळाने एक उचकी दिली, दोन थेंब पडले, आणि धार सुरू झाली. ज्योतीचा बर्नर किंवा उघडी आग कधीच वापरायची नाही, भिंतीतलं लाकूड पेटतं. आणि हे सगळं करताना दुसऱ्या माणसाने मेन कॉकपाशी उभं राहायचं. पाइप आधीच चिरलेला असेल तर ते वितळल्यावरच दिसणार.

आता निघायचा दिवस. बॅगा गाडीत गेल्या की मेन बंद करा. सगळ्यात वरच्या मजल्यावरचा एक नळ आणि सगळ्यात खालचा, म्हणजे बहुधा बेसमेंटमधल्या कपडे धुण्याच्या सिंकचा, उघडा आणि पाणी उतरू द्या. टॉयलेट एकेकदा फ्लश करा. फ्रिजचा बर्फ करायचा यंत्रभाग बंद करा, नाहीतर तो कोरडाच पाणी मागत राहतो. वॉटर हीटर 'व्हेकेशन'वर ठेवा, त्याची टाकी रिकामी करायची गरज नाही. सिंकखालची दारं उघडी, गॅरेजचं दार बंद. घर जुनं असून रेडिएटरमधून गरम पाणी फिरत असेल तर मेन बंद करण्याआधी बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाला विचारा, काही बॉयलरना भरणीचं पाणी लागतं.

भट्टीकडेही, म्हणजे घर गरम करणाऱ्या फर्नेसकडेही, एक नजर टाका. नव्या, जास्त कार्यक्षम गॅस भट्टीतून पाणी ठिबकतं आणि ते एका प्लास्टिकच्या नळीने बाहेर जातं. ती नळी थंड भागातून जात असली आणि गोठली, तर भट्टी स्वतःला बंद करून घेते. वीज गेली तरी भट्टी बंद, मग ती गॅसवर चालणारी का असेना, कारण पंखा विजेवरच फिरतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये हेच झालं. डॅलस विमानतळावर उणे २ फॅरनहाइट, वीज नाही, आणि तिकडे बऱ्याच घरांत पाइप माळ्यावरून नेलेले. छतं खाली आली. म्हणून हीटिंग चालू ठेवून वर मेनही बंद करायचा. एक चुकलं तर दुसरं सांभाळतं.

किल्ली शेजाऱ्याकडे ठेवा आणि मेन कॉक त्यालाही दाखवा. फोनवर तापमान दिसणारा थर्मोस्टॅट असेल तर ५० च्या खाली गेलं की इशारा येईल असं लावून ठेवा. पण तो इशारा तुम्हाला पुण्यात रात्री येणार, घरात जाणारा माणूस इथे हवा. विम्याचे कागदही काढून वाचा. घर रिकामं असताना गोठून झालेलं नुकसान भरून देण्यासाठी बऱ्याच पॉलिसींत अट असते की हीटिंग चालू ठेवलेलं असावं, किंवा पाणी बंद करून पाइप रिकामे केलेले असावेत. थर्मोस्टॅटचा आणि बंद कॉकचा एकेक फोटो काढून ठेवा.

परत आल्यावर मेन एकदम उघडू नका. आधी वरचे-खालचे नळ बंद आहेत ना ते पाहा, फक्त वरचा एक बारीक उघडा ठेवा, हवा निघायला. मग कॉक पाव, अर्धा, असा सावकाश. नळ थोडा खोकेल, पाणी क्षणभर गढूळ येईल, ते ठीक आहे. हवा निघून धार सलग झाली की तोही नळ बंद करा, भट्टीचा पंखा दोन मिनिटं थांबवा, बेसमेंटमध्ये उभे राहा आणि भिंतींकडे कान लावा. मीटरवर एक छोटा त्रिकोण किंवा चकती असते, घरात सगळे नळ बंद असताना ती अगदी स्थिर हवी. ती फिरत असेल तर कॉक परत बंद करा आणि मग बॅगा उतरवा.