पर्समधली घडी घातलेली चिठ्ठी

प्रश्न : ताई, मी ४४ वर्षांची आहे आणि शाळेत शिकवते. २०२१ साली मला कोविड झाला आणि अकरा दिवस मी अतिदक्षता विभागात होते. शेजारच्या खाटेवरच्या बाई मास्कमुळे बोलू शकत नसत, म्हणून आम्ही एकमेकींशी खुणांनी बोलायचो. एका पहाटे त्या गेल्या आणि मी वाचले. अजूनही ऑक्सिमीटर माझ्या उशीखाली असतो आणि रात्रीतून दोन-तीनदा उठून मी त्यात बोट घालते. कुठलेही यंत्र ‘बीप’ वाजले की छातीत धडधडते. त्या अकरा दिवसांत पलंगाच्या पायाशी काळे पाणी चढत होते, असे मला स्पष्ट आठवते. हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. शिकवताना ऐन वेळी शब्द आठवत नाहीत. छातीच्या आणि हृदयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या, सगळे अहवाल नॉर्मल आले. शेवटी डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली. तिला सात महिने झाले, ती पर्समध्ये घडी घालून तशीच पडली आहे. घरचे म्हणतात, ‘जीव वाचला ना, आता विसरून जा.’ मलाही वाटते, एवढी माणसे गेली, मी कशाची तक्रार करू? कधीकधी तर वाटते, त्यांच्याऐवजी मीच गेले असते तर बरे झाले असते. इतक्या उशिरा जाऊन उपयोग होईल का? आणि गेले, तर मला वेडी ठरवतील का?

उत्तर : ताईसाहेब, तुमच्या पत्रातल्या शेवटून तिसऱ्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात आणि मला मात्र तिथेच थांबावे लागले. ‘मीच गेले असते तर बरे झाले असते’ हा विचार शेजारच्या बाईंच्या आठवणीने येऊन जातो, की आता, या दिवसांत जगू नये असे वाटते, हे स्वतःला स्पष्ट विचारा. जीव द्यावा असा विचार येत असेल, कसा द्यावा हे मनात घोळत असेल, तर हे उत्तर पुढे वाचू नका. घरातल्या माणसाला आत्ता जवळ बोलवा, त्याला हेच शब्द सांगा आणि आजच्या आज रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा किंवा तुमच्याकडच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. तसे नसेल, तरीही हे वाक्य डॉक्टरांसमोर पहिल्यांदा सांगायचे आहे, सगळ्यात शेवटी उठता उठता नाही.

आता काळ्या पाण्याविषयी. हे तुम्ही इतकी वर्षे एकटीने मनात ठेवलेत याचे मला फार वाईट वाटले, कारण पहिल्याच महिन्यात कोणी पाच मिनिटे काढून समजावले असते, तर त्यातली निम्मी भीती तेव्हाच गेली असती. अतिदक्षता विभागातल्या गंभीर आजारी माणसाला शरीरातला दाह, कमी पडणारा प्राणवायू, गुंगीची औषधे आणि झोपमोड यांमुळे तीव्र संभ्रमाची अवस्था येते. डॉक्टर तिला ‘डिलिरियम’ म्हणतात आणि अशा विभागांत ती सर्रास आढळते. भिंती हलतात, परिचारिका विष देत आहेत असे वाटते, खोलीत पाणी चढते. मेंदू त्या काळात जे रचतो, ते पुढे खऱ्या आठवणीइतकेच ठसठशीत राहते, उलट खरे दिवस पुसट होतात. म्हणून तुम्हाला पाणी स्पष्ट आठवते आणि कदाचित डॉक्टरांचा चेहरा आठवत नाही. हे वेड नाही, वेडाची सुरुवातही नाही. स्कँडिनेव्हियातल्या रुग्णालयांत यावर एक साधा उपाय सुरू झाला आणि पुढे इतर देशांनी तो उचलला : रुग्ण शुद्धीवर नसताना परिचारिका आणि नातेवाईक त्याच्यासाठी रोजची डायरी लिहितात, म्हणजे बरे झाल्यावर त्याला हरवलेले दिवस पुन्हा जुळवता येतात. तुमची डायरी कोणी लिहिली नसेल, तरी त्या दिवसांत फोनवर तुमची खबर घेणारे कोणी असेल. त्यांना एकदा बसवून विचारा की सोमवारी काय झाले, मंगळवारी डॉक्टर काय म्हणाले, मास्क कधी निघाला. रिकाम्या जागा भरू लागल्या, की पाण्याची आठवण हळूहळू आपल्या जागी बसते.

अतिदक्षता विभागातून परतलेल्यांच्या या त्रासाला स्वतंत्र नावही आहे. २०१० साली अमेरिकेतल्या अतिदक्षता तज्ज्ञांच्या एका बैठकीत ‘पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम’ ही संज्ञा पुढे आली, आणि तिच्यात शरीराचा अशक्तपणा, विचारशक्ती व स्मरणशक्तीवरचा परिणाम आणि मनावरचा परिणाम हे तिन्ही एकत्र धरले आहेत. म्हणजे कोविडच्या दहा वर्षे आधीच हे ठाऊक होते. कोविडनंतर त्याचा आवाका दिसला. एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, मुख्यतः अमेरिकेतल्या, २ लाख ३६ हजारांहून अधिक कोविड रुग्णांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. सहा महिन्यांत सुमारे एक तृतीयांश जणांना मेंदूच्या किंवा मनाच्या एखाद्या आजाराचे निदान झाले होते, आणि अतिदक्षता विभागात राहिलेल्यांत हे प्रमाण सुमारे ४६ टक्के होते. यातल्या काहींना आजार आधीपासून असणार, हे खरे आहे. तरीही त्या विभागातून बाहेर पडलेल्या माणसांमध्ये तुम्ही एकट्या नाही, हे कळायला एवढा आकडा पुरेसा आहे.

‘इतक्या उशिरा’ या शब्दांवर मला थोडे अधिक बोलायचे आहे. २००३ मध्ये सार्स या कोविडसारख्याच श्वसनाच्या आजाराची साथ आली, तेव्हा हाँगकाँगमध्ये वाचलेल्या ९० जणांची अडीच वर्षांनी तपासणी झाली. त्यांतल्या सुमारे चौथ्या हिश्श्याला तेव्हाही आघातोत्तर ताणाचा विकार, म्हणजे जिवावरच्या प्रसंगाचा धसका मनात घर करून राहण्याचा आजार, होता. धसका आपोआप विरून जातो असे आपण समजतो. बहुतेकांचा पहिल्या काही महिन्यांत विरतोही. ज्यांचा विरत नाही, त्यांच्यात तो कॅलेंडरकडे पाहून जात नाही, उपचारांनी कमी होतो, आणि ते उपचार जुन्या आघातावरही चालतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये यासाठी आघातावर केंद्रित अशी विचार-वर्तन उपचारपद्धती आणि डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आठवणींवर काम करणारी ‘ईएमडीआर’ पद्धत सुचवली होती. तुमची सात महिने पडून असलेली चिठ्ठी अजून निकामी झालेली नाही. फार तर नवी लिहून द्यावी लागेल.

ऑक्सिमीटरचे उदाहरण तुम्ही स्वतःच दिलेत, म्हणून त्याकडे जरा जवळून पाहू. रात्री अडीचला जाग येते, छाती जड वाटते, हात उशीखाली जातो. चिमटा बोटाला लागतो, लाल दिवा पेटतो, आकडा ९४ वर लुकलुकतो, तुम्ही श्वास रोखता, मग ९७ येतो आणि हायसे वाटते. पण ते हायसे वाटणे दहा मिनिटे टिकते, कारण शरीर यातून एवढेच शिकते की ‘पाहिले म्हणून वाचले’. पुढच्या वेळी न पाहणे अधिक अवघड होते. त्यात बोट थंड असले, हात हलला, नखाला रंग लावलेला असला तरी आकडा चुकतो, आणि त्या चुकलेल्या आकड्यावर भीती पोसली जाते. हे यंत्र आज रात्री खिडकीबाहेर फेका असे मी सांगणार नाही. ज्या वस्तूने एकेकाळी खरोखर जीव सांभाळला, ती अशी हिसकावून घेतली तर मन अधिकच बिथरते. ते उशीखालून दुसऱ्या खोलीत, मग दिवसातून एकदाच, असे टप्प्याटप्प्याने दूर करणे हे उपचारांचेच काम आहे, आणि तिथे सोबतीला शिकलेले माणूस लागते.

शब्द न आठवण्याबद्दल मात्र सगळा दोष मनाला देऊ नका आणि कोणाला देऊही देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोविडोत्तर अवस्थेची व्याख्या केली, तिच्यात थकवा आणि धाप यांच्याबरोबर विचारशक्ती मंदावणे हे मुख्य लक्षणांत धरले आहे. तेव्हा थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ या रक्ततपासण्या झाल्या आहेत का, हे विचारा. धडधड बीप ऐकल्यावर होते की बसल्यावरून उभे राहिल्यावर, हेही आठवडाभर टिपून ठेवा. उभे राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत नाडी ३० ठोक्यांनी किंवा त्याहून अधिक वाढून तशीच राहत असेल, तर त्याचे कारण शरीरात असू शकते आणि त्याचा उपाय वेगळा आहे. थोडे काम केल्यावर दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळायला होत असेल, तर ‘जोर लावा, व्यायाम करा’ हा सल्ला ऐकू नका. मनाचा उपचार सुरू केला म्हणजे शरीराची तक्रार खोटी होती असे तुम्ही कबूल करत नाही. ही भीती मला तुमच्या ‘सगळे अहवाल नॉर्मल आले’ या वाक्यामागे दिसली, आणि ती रास्त आहे.

वेडी ठरवतील का, या प्रश्नाचे उत्तर म्हणून तिथे काय होते तेच सांगते. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, औषध देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ मुख्यतः बोलण्यातून आणि सरावातून उपचार करतात. पुष्कळदा दोघांचे मिळून काम चालते. पहिल्या भेटीत झोप, भूक, राग, रडू, कामातले लक्ष, जुने आजार, चालू औषधे यांची विचारपूस होते. काही ठिकाणी गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्नांचा कागद भरायला देतात. काळे पाणी पहिल्याच दिवशी वर्णन करून सांगितले पाहिजे असे नाही. ‘एक गोष्ट आहे, ती पुढे सांगेन’ एवढे म्हणता येते. नैराश्यावरची औषधे दिली, तर त्यांचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात, म्हणून आठव्या दिवशी गुण नाही म्हणून सोडू नका, आणि बरे वाटल्यावरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नका. रोजच्या झोपेच्या गोळ्या मात्र कोणी सहज लिहून देऊ लागले, तर त्या किती दिवसांसाठी आहेत हे तिथेच विचारा, कारण त्यांची सवय लागते. पहिली व्यक्ती रुचली नाही, तर दुसरीकडे जाण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

घरच्यांचे ‘विसरून जा’ मला क्रूर वाटत नाही. अकरा दिवस तेही फोन वाजला की दचकत होते, आणि ते दिवस पुन्हा दारात येऊ नयेत म्हणून ते दार लावून घेत आहेत. त्यांना व्याख्यान देऊ नका. ‘मला दवाखान्यात सोबत हवी आहे, तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल,’ एवढेच सांगा.

आणि त्या शेजारच्या बाई. त्या गेल्या आणि तुम्ही राहिलात, यात तुम्ही त्यांचे काही घेतले नव्हते. त्यांच्या वाट्याचा श्वास काढून तुम्हाला दिला गेला नव्हता. असे पत्रात वाचून पटत नाही, याची मला कल्पना आहे. म्हणून तर हे दुःख एखाद्या खोलीत, दार लावून, मोठ्याने सांगायला हवे : त्यांनी कोणती खूण केली होती, तुम्ही काय उत्तर दिले होते, त्या पहाटे तुमचे डोळे उघडे होते की मिटलेले. त्यांच्यासाठी तुम्ही अजून रडलेल्याच नाही, असे मला तुमच्या पत्रावरून वाटते. जिवंत राहण्याबद्दल कृतज्ञ असणे आणि मदत मागणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच दिवशी करता येतात.

उद्या शाळेतल्या मधल्या सुट्टीत ती चिठ्ठी बाहेर काढा आणि त्यावरच्या क्रमांकावर वेळ मागा. मागच्या कोऱ्या बाजूवर तीन ओळी लिहा : रात्री किती वेळा उठते, कशाने धडधडते, आणि शेजारच्या बाईंविषयीचे ते वाक्य, जसेच्या तसे. बोलताना आवाज गेला, तर कागद पुढे सरकवा.