अडीच म्हणजे अर्धा तिसरा

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. पाचवीतली मुलं १ १/२ ला 'साडेएक' आणि २ १/२ ला 'साडेदोन' म्हणतात. ते चूक धरायचं का? शिवाय अशा संख्यांचं 'पूर्णांकयुक्त अपूर्णांक' हे नाव मुलांच्या तोंडी बसत नाही, त्याऐवजी 'मिश्र अपूर्णांक' चालेल का?

चूक धरायचं. मुलांवर चिडू नका, ती ऐकतात तसं बोलतात. हल्ली चांगली शिकलीसवरलेली माणसं 'साडेदोनला भेटू' म्हणतात, टोकलं तर 'कळलं ना तुम्हाला?' असं वर तोंड करून विचारतात. कळलं हो. 'मी जातो आहे' ऐवजी 'मी जाते आहे' म्हटलं असतंत तरी कळलं असतं.

पाव, अर्धा, पाऊण यांचे अर्थ सांगत बसत नाही. सव्वा म्हणजे सपाद, पावासकट. साडे म्हणजे सार्ध, अर्ध्यासकट. पावणे म्हणजे पादोन, पावाने ऊन. आता हे गणिताच्या नजरेनं बघा: 'स' म्हणजे अधिक, 'ऊन' म्हणजे उणे. २ १/४ लिहिताना आपण मधलं अधिकचं चिन्ह गिळून टाकतो. पुढे बीजगणितात त्याच मुलाला सांगतो की दोन अक्षरं शेजारी शेजारी लिहिली की गुणाकार. मग त्यानं दोन गुणिले पाव करून उत्तर अर्धा काढलं तर दोष कुणाचा? 'सव्वादोन' या शब्दात ते चिन्ह गिळलेलं नाही, ते अजून आत बसलेलं आहे.

आणि हे माझं डोकं नव्हे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) याला दोन वेगळी नावं आहेत: भाग जोडायचा तो भागानुबंध, भाग काढून घ्यायचा तो भागापवाह. तिथलं उदाहरण कोणतं असावं? सव्वादोन आणि पावणेतीन! दोन पावासकट आणि तीन पावाविना, दोन्ही एका छेदात आणून दाखव. म्हणजे ९/४ आणि ११/४.

पण खरी गंमत दीड-अडीचची. यांत 'स' नाही आणि 'ऊन'ही नाही. अडीच म्हणजे अर्धतृतीय: तिसरा अर्धाच. पहिला पूर्ण, दुसरा पूर्ण, तिसरा अर्धा. प्राकृतात अड्ढाइज्ज, हिंदीत ढाई, मराठीत अडीच. दीड म्हणजे द्व्यर्ध, दुसरा अर्धा; प्राकृतात दिवड्ढ. यावर एका विद्वान स्नेह्यांशी माझं कायमचं वाजलेलं आहे. ते द्व्यर्ध फोडून 'दोन अर्ध' असा अर्थ लावतात. दोन अर्ध म्हणजे एक, महाराज! व्युत्पत्ती सांगणाऱ्याला निदान निमकी, म्हणजे अर्ध्याचा पाढा, तरी यायला हवी.

अडीचमधला शेवटचा 'च' हा 'तूच', 'मीच'मधला ठासून सांगणारा 'च', असंही ते म्हणतात. मला तो अड्ढाइज्जमधल्या 'ज्ज'चा, म्हणजे मूळ तृतीयचा उरलेला अवशेष वाटतो. हट्ट म्हणा हवं तर, पण तिसरा अर्धा आणि त्या तिसऱ्याची शेपटी शब्दात शिल्लक, ही कल्पना मी सहजासहजी सोडणार नाही.

हे दोन्ही शब्द किती जुने? अशोकाच्या लघुशिलालेखात, इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात, राजा सांगतो की मी उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ झाला. तिथे शब्द आहे 'अढतिय'. त्याच लेखाच्या शेवटी हे काम निदान दीडपट वाढेल असं म्हटलंय, तिथे 'दियढिय'. दीड आणि अडीच एकाच दगडावर! रोमन लोकांचं सेस्टर्टियस नावाचं नाणं मुळात अडीच 'आस' (त्यांचं लहान नाणं) किमतीचं. नावाचा अर्थ पुन्हा 'तिसरा अर्धा'. जर्मन माणूस अडीच वाजले की 'हाल्ब द्राय', अर्धे तीन, म्हणतो.

या घराण्यातलं तिसरं भावंड आपण घालवलं. औट, म्हणजे साडेतीन. अर्धचतुर्थ, चौथा अर्धा. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी या पाढ्यांच्या रांगेत औटकीही होती. संतांच्या लेखनात देह 'औट हात' असतो. औट गेला आणि त्याच्या जागी साडेतीन बसला, ते आपण निमूट चालवून घेतलं. म्हणून तर 'साडेदोन'ला उंबऱ्यावरच अडवायचं.

वर्गातलं म्हणाल तर पावणेवर जास्त वेळ द्या. 'पावणेतीन' ऐकलं की कानात 'तीन' राहतो आणि वहीत ३ ३/४ उतरतं. त्यांना विचारा, तीन पुरे झालेत का? नाहीत, पाव कमी आहे. मग ३ लिहायचाच नाही, २ ३/४. हे एकदा बसलं की पाचातून पावणेतीन वजा करायला छेद लागतच नाही: पावणेतीनला पाव दिला की तीन, तिनाला दोन दिले की पाच, दिले एकूण सव्वादोन. ताळा म्हणून मग २०/४ वजा ११/४ करू द्या, ९/४ येतात. अडीचचे अंशाधिक (अंश छेदाहून मोठा) रूपही असंच: दोन पूर्णांतले चार अर्धे आणि तिसऱ्यातला एक, झाले ५/२. 'पूर्णांक गुणिले छेद अधिक अंश' हे सूत्र त्यानंतर सांगा, आधी नको.

एक तृतीयांश, दोन पंचमांश यांच्यासाठी मात्र असे जोडशब्द नाहीत. तिथे २ १/३ हे 'दोन आणि एक तृतीयांश' असं वाचून घ्या. 'दोन वन बाय थ्री' ऐकू आलं तर तो 'आणि' पुन्हा म्हणून घ्या.

हो, 'मिश्र'चं राहिलंच. चालेल. मला 'युक्त' अधिक आवडतो, कारण युक्त म्हणजे जोडलेला, तिथेही अधिकचं चिन्ह आहे. मिश्र म्हटलं की काहीतरी ढवळल्यासारखं वाटतं. पण पाचवीच्या मुलाच्या जिभेला 'पूर्णांकयुक्त' जड जातं, हे तुमचं म्हणणं मान्य. 'साडेएक' मात्र मान्य नाही.