हिरडीवरची पुळी फुटली म्हणजे दाढ बरी झाली असं नाही

ताई, तुमच्या साडेचार वर्षांच्या मुलीच्या हिरडीवर पुळी आली, ती फुटल्यावर दुखणं थांबलं आणि दवाखान्यात "दुधाची दाढ आहे, आपोआप पडेल, फारच झालं तर काढू" म्हणाले, हे वाचून पोटात गोळा आला. सात वर्षांपूर्वी माझ्या मुलाचं अगदी हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही, तोंडात न बघता निदान करता येत नाही हेही मान्य. पण थांबू नका.

मोहरीच्या दाण्याएवढी पिवळट पुळी मला बॅटरीच्या उजेडात दिसली होती. दोन दिवसांनी सकाळी तो म्हणाला, "आई, तोंडात खारट लागतंय." त्या रात्रीपासून रडणं बंद. आम्हाला हायसं वाटलं. प्रत्यक्षात मुळाशी साठलेल्या पुवाला वाट मिळाली होती, म्हणून कळ थांबली. कीड होती तिथेच होती. चार महिन्यांनी गाल सुजला, ताप चढला, आणि "पडेलच" म्हणणाऱ्या त्याच दवाखान्यात दाढ काढली.

खरी चूक इथे झाली. दाढ काढल्यावर तिची जागा राखावी लागते हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढचे दात सहा-सात वर्षांत पडायला लागतात, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायला हव्यात. साधारण सहाव्या वर्षी त्यांच्यामागे कायमची दाढ येते. ती येताना काहीच पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ता लागत नाही. पुढे मोकळी जागा असली की ती तिकडे सरकते. माझ्या मुलाची सरकली. आता तो साडेअकरा वर्षांचा आहे, काढलेल्या दाढेच्या जागी येणारी नवी दाढ जागेअभावी हाडातच अडकली आहे आणि जागा करायला तारा लावल्या आहेत. तेव्हा स्पेस मेंटेनर, म्हणजे रिकामी जागा धरून ठेवणारी पट्टी, बसवला असता तर बहुतेक हे टळलं असतं. दाढ काढली याचा राग नाही, कदाचित ती काढावीच लागली असती. पण आईला एक वाक्य सांगायला किती वेळ लागतो?

तुम्ही लहान मुलांच्या दातांचे एमडीएस (दंतशास्त्रातली पदव्युत्तर पदवी) डॉक्टर गाठा. एक्स-रे काढल्याशिवाय दाढ काढू देऊ नका. वाचण्यासारखी असेल तर मुळांची ट्रीटमेंट करून वर स्टीलची कॅप बसवतात. चंदेरी दिसते म्हणून घरातले नाकं मुरडतील, तरी बसवा. काढावीच लागली तर जागेचं काय, हे तिथल्या तिथे विचारा. खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी दंत महाविद्यालयांत मुलांचा वेगळा विभाग आहे. रांगेची तयारी ठेवा. गाल सुजला किंवा ताप आला तर मात्र त्याच दिवशी न्या.

पेस्टची ट्यूबही एकदा वाचा. माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने डागाळलेले दात बघत मोठी झाले, म्हणून भीतीपोटी पुण्यात मुलाला फ्लोराइड नसलेली पेस्ट देत राहिले. पाण्यातच फ्लोराइड जास्त असेल तर डॉक्टरांना विचारूनच ठरवा, पण एरवी कीड रोखायला १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची पेस्ट लागते: तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. ब्रश तुम्हीच करा, मुलीच्या हातात देऊन मोकळ्या होऊ नका. रात्री ब्रश झाल्यावर पाण्याशिवाय काही नको, दूधसुद्धा नाही.

धाकटीचा वरचा ओठ मी दर रविवारी खिडकीपाशी उचलून बघते. दोन वर्षांची असताना हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली होती. ती किडीची सुरुवात असते. वेळेत फ्लोराइडचा लेप लावला, रात्रीची बाटली बंद केली, दात वाचले.

आणि अपॉइंटमेंट सकाळची घ्या. संध्याकाळी मुलं दमलेली असतात, खुर्चीत बसतच नाहीत.