प्रेझेंटेशन दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की मराठी फॉन्ट आपोआप का बदलतो?

‘फाइल बिघडली’ हे आधी डोक्यातून काढा. फाइलमध्ये एरवी फॉन्टचं नुसतं नाव असतं. त्या नावाचा फॉन्ट समोरच्या यंत्रावर नसला की पॉवरपॉइंट गुपचूप दुसरा लावतं, आणि होम टॅबवरच्या चौकटीत नाव मात्र जुनंच दाखवत राहतं. त्या चौकटीवर विसंबू नका, अक्षरं बघा. मराठी वळणाचे ल आणि श अचानक हिंदी वळणाचे झाले, एका ओळीतलं शीर्षक दोन ओळींत गेलं, की समजा फॉन्ट गेला. विंडोजवर अशा वेळी बहुधा निर्मला यूआय किंवा मंगल येऊन बसलेला असतो.

तुमच्याच यंत्रावर नवा फॉन्ट निवडला की इंग्रजी बदलतं आणि मराठी ढिम्म हलत नाही, हे दुखणं वेगळं. थीममध्ये, म्हणजे प्रेझेंटेशनच्या ठरलेल्या फॉन्ट-रंगांच्या संचात, लॅटिन (इंग्रजीची लिपी) आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट असे वेगळे रकाने असतात. देवनागरी दुसऱ्यात मोडते. मजकूर निवडून कंट्रोल-टी दाबा आणि तो दुसरा रकाना भरा. दिसत नसेल तर ऑप्शन्स, लँग्वेजमध्ये मराठी जोडून पॉवरपॉइंट पुन्हा उघडा.

आता माझं जुनं भांडण. चाळीस स्लाइडवर एकेक ओळ निवडून फॉन्ट लावणाऱ्यांना मी कितीदा सांगितलं, की हे काम मास्टरचं, म्हणजे सगळ्या स्लाइडच्या मूळ साच्याचं आहे! व्ह्यू, स्लाइड मास्टर, फॉन्ट्स, कस्टमाइझ फॉन्ट्स: शीर्षक आणि मजकूर दोन्हींचे फॉन्ट तिथेच ठरवा. हाताने लावलेला फॉन्ट मास्टरला जुमानत नाही, म्हणून त्या स्लाइडवर होममधलं रीसेट दाबा. हलवलेल्या चौकटी त्याने मूळ जागी जातात, तेव्हा आधी प्रत काढून ठेवा. स्वतः टाकलेल्या टेक्स्ट बॉक्सना रीसेट लागू होत नाही. त्यांच्यासाठी रिप्लेस फॉन्ट्स वापरा. आणि बाहेरून मजकूर आणताना ‘कीप टेक्स्ट ओन्ली’नेच चिकटवा, नाहीतर परका फॉन्ट पुन्हा मागच्या दाराने आत येतो.

फाइल पाठवण्यापूर्वी: ऑप्शन्स, सेव्ह, एम्बेड फॉन्ट्स, म्हणजे फॉन्ट फाइलमध्येच बसवून टाका. त्यात ‘सगळी अक्षरं’ हा पर्याय घ्या. फाइल फुगते, फुगू द्या. ‘फक्त वापरलेली अक्षरं’ घेतलीत आणि पलीकडच्याने एखादं नवं जोडाक्षर टाइप केलं, की तेवढंच वेगळ्या फॉन्टमध्ये उठून दिसतं.

‘पीडीएफ पाठव ना सरळ’ म्हणणारे भेटतीलच. नुसतं वाचायचं असेल तर त्यांचं बरोबर आहे. अॅनिमेशन किंवा दुरुस्ती हवी असेल तर नाही.

हो, एक राहिलं. परवान्यात मनाई असलेला किंवा पोस्टस्क्रिप्ट धाटणीचा ओटीएफ फॉन्ट (त्याची फाइल सहसा .otf ने संपते) एम्बेड होत नाही. आणि फॉन्ट गेल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत असेल, तर मजकूर कृतिदेवसारख्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांनाच मराठी आकार देणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. तो आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा. वरचं सगळं त्यानंतर.