‘मुंज्या’ सिनेमा काही जण डोक्यावर घेतात आणि काही जण अर्ध्यात बंद करतात, असं का? घरच्यांसोबत बघण्यासारखा आहे का?

बघा, बिनधास्त बघा. दोन तासांचा तर सिनेमा, त्याला एवढी चौकशी कशाला? पण प्रश्नात तुम्ही तुमच्या मित्राचं एक वाक्य घातलंय, ‘धड घाबरवत नाही आणि धड हसवतही नाही’, त्यावर मला बोलायचंय. हे वाक्य मी ‘मुंज्या’ यायच्या कितीतरी आधीपासून ऐकतोय. आमच्या भावोजींच्या तोंडून, आणि तेही माझ्या संकासुराबद्दल.

मी गुहागर तालुक्यातला. शिमग्यात घरोघर नाचत फिरणाऱ्या आमच्या वाडीच्या खेळ्यांत संकासुर नाचतो. आधी वडील नाचायचे, त्यांचे गुडघे गेले तेव्हा सोंग माझ्याकडे आलं. ज्यांनी शिमग्यातलं कोकण पाहिलंय त्यांना संकासुर वेगळा सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: अंगभर काळे कपडे, डोक्यावरून गळ्यापर्यंत ओढलेली काळी निमुळती टोपी, तोंडावर तिचाच मुखवटा, छातीवर रुळणारी पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरांचा पट्टा. आत काय हाल होतात ते आतल्यालाच माहीत. डोळ्यांच्या जागी दोन भोकं, त्यातून समोरच्याचे पाय तेवढे दिसतात. घाम डोळ्यांत उतरला तरी पुसायची सोय नाही, कारण लोकांसमोर टोपी वर केली की सोंग मोडलं.

असा संकासुर अंगणात शिरला की पोरं किंचाळत माजघरात पळतात आणि तिथल्याच खिडकीतून त्याला चिडवतात. हा त्यांच्या मागे धावतो, मध्येच गोमूच्या, म्हणजे बाईच्या वेषात नाचणाऱ्या गड्याच्या, पदराआड लपतो, घरमालकाच्या खुर्चीत पाय पसरून बसतो, एखाद्या म्हातारीला फुगडी घालायला ओढतो. लोक हसून हसून बेजार. आणि त्याच अंगणात एखादी आई पुढे येऊन आपलं तान्हं पोर त्याच्या हातात देते. पोर लालबुंद होईस्तोवर रडतं. हा त्याला पोटाशी धरून मृदंगावर चार पावलं नाचतो आणि परत देतो. मग पोराला भय बाधत नाही अशी आमच्याकडे समजूत. तेवढा वेळ कोणी हसत नाही, बायका पाया पडतात. पोर आईकडे गेलं की पुन्हा धिंगाणा सुरू. आता हे भय की विनोद? आमच्या वाडीत आजवर कोणाला हा प्रश्न पडला नव्हता.

पडला तो भावोजींना. भावोजी आमच्या मुंबई मंडळाचे चिटणीस. मंडळानं मुंबईत नमनाचा, म्हणजे याच खेळ्यांच्या रंगमंचावरच्या रूपाचा, प्रयोग लावला, तिकीट लावून, नाट्यगृहात. तालमीत मला बाजूला घेऊन म्हणाले, “संकासुराचं जरा आवरतं घ्या. शिकलेला प्रेक्षक आहे. एक तर घाबरवा, नाहीतर हसवा. दोन्ही एकदम केलं की धड काहीच होत नाही.” आणि मला पाच मिनिटं दिली. गण झाला, गवळण झाली, वगनाट्याला दीड तास, त्यात लाल-निळे दिवे आणि धूर. मी पाच मिनिटं नाचलो आणि विंगेत चहा पीत बसलो. मला त्याचा राग आहे. तेव्हा पुढचं सगळं तेवढा राग वजा करून वाचा.

‘मुंज्या’ हा हिंदी सिनेमा लागला 7 जून 2024 ला. ऐन मृगाची वेळ, पेरणीची घाई. चिपळूणला जाऊन पिक्चर बघायला गावात फुरसत कोणाला? मुंबईकडून फोन तेवढे येत. एक चुलतभाऊ म्हणे कमाल आहे, दुसरा म्हणे पैसे पाण्यात. ऑगस्टअखेर तो हॉटस्टारवर आला आणि 7 सप्टेंबरला गणपती. घर भरलेलं. गौरी आल्या त्या रात्री आरत्या झाल्या, गणपतीत घरोघर नाचणारे जाखडीवाले नाचून चहा पिऊन गेले, बायका दुसऱ्या दिवशीच्या वड्यांच्या पिठाला लागल्या आणि भाचीनं मोबाईल टीव्हीला जोडला. भावोजी लगेच म्हणाले, गणपतीसमोर भुताचा सिनेमा नको. त्यावर आमची काकी, वय ऐंशीच्या पुढे, पीठ मळता मळता बोलली, “त्याच्या बापाच्या पदरी सगळी भुतंच हायत, त्याला काय त्याचं?” विषय संपला.

आता सिनेमातलं थोडं सांगतो. सुरुवातीच्या भागातलंच आहे, तेव्हा गोष्ट फोडली म्हणून ओरडू नका. सुरुवात 1952 ची. कोकणातला गोट्या नावाचा पोरगा आपल्याहून मोठ्या मुन्नीवर लट्टू होतो. घरचे त्याला बदडतात, जबरदस्तीनं मुंज लावतात, मुन्नीचं लग्न दुसरीकडे ठरतं. पोरगा रात्री धाकट्या बहिणीला घेऊन चेटुकवाडी नावाच्या झपाटलेल्या जागी जातो, तिचा बळी देऊन मुन्नी मिळवायची म्हणून. त्या झटापटीत स्वतःच मरतो आणि मुंजा होतो. मग आजच्या काळात पुण्यातला बिट्टू, आईच्या पार्लरमध्ये काम करणारा, सगळ्याला घाबरणारा. गावी येतो आणि मुंजा त्याच्या मानगुटीवर बसतो. मागणी एकच, माझं मुन्नीशी लग्न लावून दे.

काकीनं तो कॉम्प्युटरवर केलेला मुंजा बघितला आणि जाहीर केलं, “ह्यो मुंजा कसला, ह्यो तर वांदर!” आणि खरंच, केसाळ, दात विचकणारा, झाडावरून झाडावर उड्या मारणारा. कोकणात वांदरांनी शेतीची काय दशा केलीय हे ज्याला माहीत आहे त्याला तो बघून भीतीआधी चीड येते. आमच्या घरात मुंजी होत नाहीत, तरी मुंजा सगळ्यांना ठाऊक. मुंज झाली, सोडमुंज, म्हणजे मुंजीचं व्रत सोडायचा विधी, व्हायच्या आत पोरगा गेला, तर तो पिंपळावर राहतो, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या खोड्या काढतो, घरावर धोंडे मारतो. घाटावर तर त्याला शेंदूर फासून मुंजोबा म्हणून पुजतात. काकीच्या हिशेबानं मुंजा हा खोडकर, हट्टी पोरगा. माणसं मारत फिरणारा नव्हे. सिनेमावाल्यांनी तो क्रूर केला हे तिला पटलं नाही. पण पटलं नाही म्हणून उठली का? पीठ तसंच परातीत राहिलं आणि ती शेवटपर्यंत बसली. सुहास जोशींची आजी पडद्यावर आली की म्हणायची, ही बाई आपल्यातली वाटते.

भावोजींचं वेगळंच. पहिल्या अर्ध्या तासात दोनदा पान लावायला उठले. मुंजा बिट्टूच्या पाठीवर लटकून बडबड करतो तिथे अख्खी पडवी हसत होती आणि हे म्हणाले, “बालिश आहे सगळं. धड ना भय, धड ना विनोद.” बघा, तेच वाक्य. माझ्याकडे न बघता म्हणाले, पण कोणासाठी होतं ते सगळ्यांना कळलं.

उत्तर दिलं ते भाचीनं. ठाण्याला कॉलेजात आहे, म्हणजे भावोजींचीच लेक. म्हणाली, “पप्पा, तो जोकसारखा बोलतोय म्हणूनच भीती वाटतेय मला. ‘लग्न करीन तर हिच्याशीच’ म्हणत मागे लागणारी पोरं आम्हाला रोज भेटतात, तीही अशीच हसत हसत सुरुवात करतात.” पडवीत एकदम शांतता. मला स्वतःला हे सुचलं नव्हतं, पण ती बोलली आणि सिनेमाची सगळी गंमत उलगडली. गोट्या हा ‘नाही’ न ऐकणारा पोरगा आहे. त्याचा हट्ट सुरुवातीला गोड वाटतो, तुम्ही हसता, आणि हसत असतानाच लक्षात येतं की हाच पोरगा सख्ख्या बहिणीचा बळी द्यायला निघाला होता. निव्वळ भयपट काढला असता तर पहिल्या दृश्यापासून तुम्ही सावध बसला असता. निव्वळ विनोदी असता तर घरी जाताना विसरला असता.

तुमच्या ‘असं का’ला माझं उत्तर एवढंच. काही माणसांना थिएटरात शिरताना आधी कळायला हवं असतं की आज रडायचंय, हसायचंय की दचकायचंय. त्यांना या सिनेमात सतत रस्ता चुकल्यासारखं होतं आणि ते तो राग सिनेमावर काढतात. सिंधुदुर्गात जत्रेतल्या दशावतारी नाटकातही संकासुर येतो, वेद चोरलेला राक्षस, ज्याला मारायला विष्णू यायचाय. आणि तो वेदांबद्दल बोलता बोलता समोरच्याची अशी टर उडवतो की जत्रेतले लोक गडाबडा लोळतात. ते बघत वाढलेल्या माणसाला मुंजा विचित्र वाटत नाही. मराठी सिनेमालाही हे नवं नाही. 1993 च्या ‘झपाटलेला’त रामदास पाध्येंचा बाहुला बघून आमची अख्खी पिढी एकाच वेळी हसली आणि फाटली. ‘मुंज्या’चा दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, ‘फास्टर फेणे’ आणि ‘झोंबिवली’वाला, त्याला हे कुठून सुचलं असेल ते वेगळं सांगायला नको.

आणि शिकलेल्या प्रेक्षकाचं म्हणाल तर, सिनेमानं देशात 100 कोटींच्या वर गल्ला केला. मोठा हीरो कोणी नसताना. तिकीट काढूनच आले ना लोक? हे मी भावोजींना त्याच रात्री ऐकवलं. ते म्हणाले धंदा आणि दर्जा वेगळा. मी म्हटलं, मग वगात धूर कशाला सोडलात? तिथून बहिणीनं दोघांनाही झोपायला पाठवलं.

दुसरी एक तक्रार मुंबईतल्या चुलतभावाची: ‘कोकण म्हटलं की भुतं, ही बदनामी आहे.’ मला नाही तसं वाटत. पडवीत बसून रात्र रात्र देवचार, चकवा, गिऱ्हा यांच्या गोष्टी आपणच सांगितल्या आणि दुसऱ्यानं पडद्यावर दाखवल्या की बदनामी? माझी तक्रार वेगळी आहे. सिनेमातल्या कोकणात समुद्र आहे, हिरवळ आहे, जुनं घर आहे, पण कामाला लागलेला एक माणूस दिसत नाही.

आता सिनेमाचे दोष, नाहीतर म्हणाल हा भक्तच झालाय. उत्तरार्धात गाडी घसरते. सत्यराज मांत्रिक म्हणून येतो तेव्हा मजा येते, पण नंतर जो आरडाओरडा सुरू होतो त्यात आधीची सगळी कमाई अर्धी वाहून जाते. मुंज्याचा चिरका आवाज डोकं उठवतो, टीव्हीचा आवाज कमी ठेवा. गावातली माणसं एकमेकांशी हिंदीत बोलतात हे सिनेमा हिंदी म्हणून सोडून द्यायचं, तरी कानाला खटकतं. बिट्टूच्या मैत्रिणीचा गोरा मित्र आहे, त्याचं पात्र निव्वळ सोयीसाठी आणलंय. पण अभय वर्मानं बिट्टू छान केलाय, त्याच्या भेदरट चेहऱ्यावर अर्धा सिनेमा चालतो. शेवटी नावं पडायला लागली की उठू नका, ‘भेडिया’चा वरुण धवन येऊन जातो. ‘स्त्री’, ‘भेडिया’ आणि हा, एकाच निर्मात्याचे. ते आधी बघितले नसले तरी अडत नाही.

‘भयपट म्हणून बघू की विनोदी म्हणून’ असं ठरवून मात्र बसू नका. आणि घरात कोणी भावोजींसारखं असेल तर त्यांना आधी जेवू घाला, झोपू द्या, मग लावा.

मंडळाच्या पुढच्या प्रयोगाची बोलणी चालू आहेत. या वेळी मी सांगून टाकलंय, वीस मिनिटं मिळाली तर टोपी चढवीन, नाहीतर दुसरा माणूस बघा. दुसरा मिळणारही नाही, संकासुराच्या टोपीत शिरायला आता कोण तयार होतंय?

घरच्यांचं राहिलं. मोठ्यांना काही होत नाही. एकदम लहान पोरांना रात्री दाखवू नका. सुरुवातीचा चेटुकवाडीतला प्रकार त्यांच्यासाठी जड आहे. आमचा धाकटा भाचा पहिलीत आहे. तो त्या रात्री आईच्या पाठीमागून एका डोळ्यानं बघत होता, आणि पुढे विसर्जनापर्यंत मागीलदारी एकटा जायला तयार नव्हता. पण सकाळी उठला की पहिली मागणी तोच सिनेमा परत लावायची. शेवटी भावोजी रिमोट उशाखाली घेऊन झोपायला लागले.